अण्णांचा उजवा पाय

जयपूरच्या झालाना भागातल्या आमच्या विमा ऑफिसच्या खाली चहाची एक टपरी आहे. जानेवारीतल्या एका दुपारी तिथे उभा होतो, तर पाठीमागून आवाज आला, "गोळ्या घेतल्या का न्हाई तेवढं सांगा. उगा नाटकं करू नका." फोनवर बोलणारी मुलगी तिशीची असेल. गळ्यात शेजारच्या इमारतीतल्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र, एका हातात चहाचं मातीचं कुल्हड, कपाळावर आठ्या. जयपूरला बदली होऊन आलो तेव्हापासून मराठी कानावर पडते ती नागपूरकडची, नाहीतर पुण्याची. आमच्याकडची पडली की मला राहवत नाही. तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोल्हापूर?"

"व्हय. तुमी पण?" ती म्हणाली आणि आमच्याकडे जो दुसरा प्रश्न ठरलेला असतो तो तिनं लगेच विचारला. "पेठ कुठली?"

मी पेठ सांगितली. ती हसली. "मग तुमी आमचं वैरी की."

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आमच्या गावात प्रत्येक पेठेची तालीम असते, आणि पेठेचा फुटबॉलचा संघ त्या तालमीच्या नावानं खेळतो. तिची पेठ आणि माझी पेठ यांच्यामध्ये एकच रस्ता आहे. त्या रस्त्यावरून लेकी दिल्या-घेतल्या जातात, साखरेच्या वाट्या इकडच्या तिकडे होतात. पण मॅचच्या दिवशी माझा काका त्याच्या सासुरवाडीला पाणीसुद्धा प्यायचा नाही, कारण सासुरवाडी पलीकडच्या पेठेत. आता लोक या सगळ्याचे कौतुकाचे व्हिडिओ करतात. मी फुटलेली डोकीही पाहिली आहेत, त्यामुळे मला त्यांच्याइतकं कौतुक नाही.

मग तिनं वडील कोण ते सांगितलं, आणि मी चहा प्यायला विसरलो.

त्या माणसानं माझं बालपण खराब केलं होतं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो. त्यांच्या संघाच्या मधल्या फळीत तो खेळायचा. पळायचा कमीच. चेंडू त्याच्याकडे आला की उजव्या पायाचा तळवा चेंडूवर ठेवून तो उभा राहायचा. नुसता उभा. आमचे दोघं-तिघं अंगावर धावून जायचे, आमचं सगळं स्टेडियम ओरडायचं, "घे, घे, काढून घे," आणि तो थांबलेला. आम्ही सगळे एका बाजूला झुकलो की तो दुसऱ्या बाजूला चेंडू सरकवायचा, फार जोरानं नाही, आणि तिथे त्यांचा कोणीतरी मोकळा उभा असायचा. मी घरी येऊन ताटावर बसायचो नाही. आई म्हणायची, "त्या मेल्यानं आज पण पाय ठेवला वाटतं." पण खोटं कशाला बोलू? रात्री अंथरुणात पडल्यावर मी पायाखाली उशी घेऊन तसंच थांबून बघायचो. वैऱ्याचा खेळाडू इतका आवडावा याची मला लाज वाटायची.

त्याला सगळे अण्णा म्हणायचे, त्यांच्या पेठेतले आणि आमच्यातलेही.

"आता इथंच असतात, माझ्याकडं, मानसरोवरला," मुलगी म्हणाली. आई गेल्यावर तिनं त्यांना जयपूरला आणलं होतं. शुगर जुनी. पायातली जाणीव गेलेली. डिसेंबरात थंडी पडली तेव्हा अण्णा संध्याकाळी रूम हीटरसमोर पाय पसरून टीव्ही बघत बसले आणि उजवा तळवा भाजत राहिला तरी त्यांना कळलं नाही. मुलगी ऑफिसातून आली ती वासानं धावली. फोड आला, फुटला, जखम झाली, आणि जखम काळी पडत वर सरकायला लागली.

"डॉक्टर म्हणतात, गुडघ्याखाली आत्ता काढला तर नकली पाय लावून हिंडतील-फिरतील. थांबलो तर मतलब, विष रक्तात जाणार. पप्पा न्हाईच म्हणालेत. माझं ऐकत न्हाईत, डॉक्टरचं ऐकत न्हाईत." तिनं कुल्हड डब्यात टाकलं. "काका, इथं आपल्याकडची माणसं हाईत का? पेठेतली? त्यांचं ऐकतील. तुमी घेऊन या की सगळ्यांना."

सगळे म्हणजे काय, शोधून शोधून दोन सापडले. एक बँकेचे मॅनेजर, जयपूरजवळच्या बस्सी गावच्या शाखेत बदलीवर असलेले, माझ्याच वयाचे, आणि अण्णांच्या पेठेतले. त्यांनी अण्णांची एकही मॅच सोडली नव्हती. दुसरा आयटीतला, लग्न न झालेला, तोही त्याच पेठेतला. त्यानं अण्णांना खेळताना कधी बघितलंच नव्हतं, पण बापाकडून इतकं ऐकलं होतं की बघितलेल्यांपेक्षा जास्त ठासून बोलायचा. दोघांनाही मी फोनवर बजावलं. फुटबॉलच्या गप्पा मारायला जायचं नाहीये. एकच काम आहे. पाय काढू द्या म्हणून सांगायचं, गळ घालायची, पायावर डोकं ठेवायची वेळ आली तर ठेवायचं, पण होकार घेऊन उठायचं. मॅनेजर म्हणाले, "अहो म्हणजे काय! जीव आहे तर सगळं आहे." आयटीवाला म्हणाला, "डन काका." रविवारी गाडीतून जाताना कोण आधी बोलणार हेसुद्धा ठरवलं. मॅनेजर आधी, कारण ते पेठेतले आणि आयटीवाल्यापेक्षा वयानं मोठे. मी शेवटी, कारण मी पलीकडचा.

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. उदबत्तीचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा वास होता, ज्याच्यासाठी उदबत्ती लावली होती. अण्णा खुर्चीत बसले होते. उजवा पाय स्टुलावर, वर टॉवेल. आम्ही आत गेलो तसे तिघंही आधी त्या टॉवेलकडेच बघायला लागलो.

"या, या. पेठ कुठली?" अण्णांनी विचारलं.

दोघांनी सांगितली तेव्हा ते खूश झाले. मी सांगितली तेव्हा म्हणाले, "बसा बसा, तुमाला बी च्या देऊ," आणि सगळे हसले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मॅनेजरांकडे बघून मान हलवली. सुरू करा, असं.

मॅनेजरांनी घसा खाकरला. "अण्णा, आम्ही आज मुद्दाम आलोय," ते म्हणाले, आणि मग नुसतं सुरुवात करायची म्हणून, जरा मोकळं वाटावं म्हणून म्हणाले, "पण त्याआधी एक सांगू का? ती चिखलातली फायनल आठवते?"

तिथेच सगळं हातातून गेलं. मला ते त्या क्षणी कळलं आणि मी मॅनेजरांना कोपरानं ढोसलं, पण ते आता जयपुरात नव्हतेच. मैदानात पोटऱ्यांपर्यंत चिखल, शेवटची मिनिटं, बरोबरी. चेंडू अण्णांकडे. चिखलात चेंडू थांबत नाही, पण अण्णांच्या तळव्याखाली थांबला. "ह्यांचे तिघं घसरत आले," मॅनेजर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तिघंही पडले! अण्णा उभे! एका पायावर उभे! देवाशपथ सांगतो, तसा पाय परत झाला नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बँकेत कर्जाच्या फायली परत पाठवणारा हा माणूस लहान पोरासारखा रडत होता, आणि मला त्याचा राग येत होता, पण त्याला थांबवावंसंही वाटत नव्हतं. ती फायनल मीही बघितली होती. पडलेल्या तिघांतला एक माझा चुलतभाऊ होता.

मग आयटीवाल्याला कंठ फुटला. त्याचा बाप अजून गल्लीतल्या पोरांना अण्णांचा थांबा शिकवतो म्हणे. पेठेत त्याला नावच पडलंय, 'पाय ठेवला.' कोणी भांडणात शांत राहिला तरी म्हणतात, पाय ठेवला. "अण्णा, एकदा दाखवा की. प्रत्यक्ष. पप्पांना व्हिडिओ पाठवतो."

"नको," मुलगी दारातून म्हणाली.

"अगं, काय होत न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी टॉवेल बाजूला केला. बँडेज गुडघ्याच्या जवळपर्यंत होतं. सोफ्यावरची गोल उशी त्यांनी आयटीवाल्याला जमिनीवर ठेवायला सांगितली, खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन ते उठले, आणि तो पाय त्यांनी उशीवर ठेवला. पाठ ताठ झाली. हात किंचित बाजूला. काही म्हणा, ते तसेच थांबले, आणि मी, ज्यानं यांना बजावून आणलं होतं तो मी, श्वास धरून बसलो. आयटीवाला फोनवर टिपत होता. मॅनेजरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी पाय उचलला तेव्हा उशीच्या खोळीवर पिवळसर डाग पडला होता. मुलीनं येऊन उशी उचलली आणि आत नेली.

आता नाही बोललो तर कधीच नाही, असं वाटून मी बोललो. सरळ बोललो. "अण्णा, डॉक्टर सांगतात ते करा. गुडघ्याखाली काढू द्या. पाय जाईल, माणूस राहील. पोरीकडे बघा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग मॅनेजरांकडे, आणि ते हसायला लागले. "बघा! पलीकडच्या पेठेचं! तवापासनं टपलेत माझ्या पायावर. मैदानात घावला न्हाई म्हणून आता डॉक्टर घेऊन आलेत!"

मॅनेजर हसून हसून पुढे वाकले. आयटीवाल्यानं मांडीवर थाप मारली. असला टोला आमच्या गावातच बसतो. मीही हसलो. न हसून काय करणार होतो? जी गोष्ट बोलायला आम्ही आलो होतो ती त्या हसण्यात संपली, आणि नंतर ती कोणी काढली नाही. चहा झाला, आणखी दोन मॅचा झाल्या, आणि आम्ही उठलो.

मुलगी जिन्यापर्यंत सोडायला आली. मॅनेजर अजून डोळे पुसत होते. ते खाली उतरल्यावर ती मला म्हणाली, "मी तुमाला पाय काढायला राजी करा म्हणून बोलवलं होतं, काका. तुमी त्याची पूजा घातली." ती खरं तेच बोलत होती.

पुढे तर आणखीच झालं. आयटीवाल्यानं तो व्हिडिओ बापाला पाठवला, बापानं पेठेच्या ग्रुपवर टाकला. 'अण्णा पुन्हा उभे!' असं वर लिहून. बँडेज दिसत होतं, पण लोकांना ते लढाईतल्या पट्टीसारखं दिसलं. दिवसभर अण्णांचा फोन वाजायला लागला. ज्यांनी अनेक वर्षांत चौकशी केली नव्हती ते आवाजी संदेश पाठवायला लागले. 'हा पाय म्हणजे आपल्या पेठेची शान.' 'अण्णा, पायाला जपा, देव आहे तो आमचा.' ड्रेसिंग करायला येणाऱ्या माणसाला अण्णा ते संदेश ऐकवायचे. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो म्हणायचा, "अंकलजी, आप तो हीरो निकले." मुलीनं मला फोन करून विचारलं, हे थांबवता येईल का. मी ग्रुपवर नव्हतो. पलीकडच्या पेठेच्या माणसाला कोण घेणार? मॅनेजरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, त्यानं उमेद वाढते माणसाची." मी फोनवर त्यांना जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

त्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर मी मेट्रोनं एकटाच मानसरोवरला गेलो. मुलगी अजून आली नव्हती. अण्णांनी स्वतः, भिंतीला धरून, दार उघडलं. वास वाढला होता. या वेळी मी फुटबॉलचं अक्षर काढायचं नाही असं ठरवून गेलो होतो, आणि त्यांनीही काढलं नाही.

"तुमाला वाटतंय मला कळत न्हाई," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मला सगळं कळतंय. ताप यायला लागलाय. तिला सांगितलं न्हाई."

"मग?"

"मग काय. पाय काढला की हे फोन बंद. बिचारं म्हणतील दोन दिवस, मग बंद. लोक मला पायानं ओळखतात, साहेब. लहानपणापासनं. मी दुसरं काय केलं आयुष्यात? खेळाडू म्हणून नोकरी लागली, ती पायामुळं. बायको मिळाली, ती पायामुळं. सासरा मॅच बघायला यायचा."

मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये हे मला कळतं, पण आला. "आणि पोरगी? ती कशानं ओळखते तुम्हाला?"

बाहेर गल्लीत स्कूटर सुरू होत नव्हती, कोणीतरी किक मारत होतं. मग अण्णा म्हणाले, "तिनं मला खेळताना बघितलंच न्हाई. मी बूट टांगले तवा रांगत होती. तिला ते फुटबॉल आवडत बी न्हाई." आणि थोड्या वेळानं, "मला वेणी चांगली यायची. तिची आई कारखान्यात पहिल्या पाळीला जायची. शाळेची वेणी मीच घालायचो. ती अजून म्हणती, पप्पा, आईपेक्षा तुमची घट्ट बसायची."

"मग त्याला पाय लागत नाही," मी म्हणालो.

ते हसले, पण या वेळी टोला मारला नाही. "बरं," म्हणाले. "काढूया. सांगा तिला."

माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच फोन काढला, तर त्यांनी माझा हात धरला. "पण रविवार जाऊ दे. आमचा कॅप्टन येतोय, आणि चार-पाच जुनी पोरं. तिकिटं काढल्यात त्यांनी. माझा धाकटा भाऊ बी हाय सोबत. रविवारी मला दोन पायांवर भेटायचंय त्यांना. सोमवारी काढा म्हणावं."

मी वाद घातला. तापाचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, थोडा ओरडलोही. मुलगी आली तेव्हा तिनंही सांगितलं. मग ती स्टुलाशेजारी जमिनीवर बसून रडली. पण होकाराचा आनंद तिला इतका झाला होता की रविवारवरून जास्त ताणायची तिला भीती वाटली. परत नाही म्हणाले तर? सोमवारची वेळ तिनं डॉक्टरांकडून घेतली. दवाखान्याची बॅग भरून ठेवली.

शुक्रवारी ते बडबडायला लागले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता पाय काढूनही उपयोग नाही, विष सगळीकडे पोचलंय. तरी काढतो म्हणाले, पण अण्णांचा रक्तदाब भूल देण्याइतका वर आलाच नाही. शनिवारी दुपारी ते गेले. मी बाहेरच्या बाकावर होतो. मुलगी बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या हातात त्यांचा फोन होता आणि तो मधूनमधून वाजत होता. तिनं तो बंद केला नाही, नुसता उलटा करून मांडीवर ठेवला.

तिचा काका कॅप्टनबरोबर गाडीत होता, म्हणून रविवारपर्यंत थांबावं लागलं. सकाळी ते सगळे स्टेशनवरून थेट फ्लॅटवर आले. म्हातारे झालेले खेळाडू, हातात पिशव्या, अंगावर आपल्याकडचे पातळ स्वेटर. त्यांना बातमी गाडीतच कळली होती. त्यांनी अण्णांसाठी तालमीची नवी जर्सी आणली होती, सत्कारासाठी; ती आता अंगावर घालायची. मॅनेजर बस्सीहून आले. आयटीवाला फोन खिशात टाकून कोपऱ्यात उभा होता.

अण्णांना हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं होतं. जर्सी त्यांच्या छातीवर पसरली. कॅप्टन पुढे झाला. त्यानं हार घातला नाही, तोंडाकडे गेलाच नाही, सरळ पायांशी जाऊन गुडघे टेकले आणि चादरीखालच्या उजव्या पायाकडे दोन्ही हात नेले. त्याच्यामागे सगळ्यांची रांग लागली. मॅनेजर, तिचा काका, बाकीचे. मीही होतो रांगेत.

मुलगी डोक्याशी बसली होती. ती उठली, आमच्या आणि पायांच्या मध्ये आली आणि चादर ओढून तिनं ती पायांखाली घट्ट खोचली. "पायाला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "कुणीच."

"अगं पोरी," कॅप्टन म्हणाला, "ते पाय..."

"तिकडं जावा. तोंडाकडं. तोंड बघा माझ्या पप्पांचं."

कोणी हललं नाही. मग कॅप्टन उठला आणि डोक्याकडे गेला, आणि त्याच्यामागे आम्ही एकेक जण गेलो. माझी पाळी आली तेव्हा मी वाकलो. हनुवटीखाली जुन्या टाक्यांचा व्रण होता, डावी भुवई मधेच तुटलेली होती, आणि उजव्या गालावर मोठा तीळ होता. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून मी त्या माणसाला बघत आलो होतो, त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो होतो, आणि यातलं काहीही मला माहीत नव्हतं.